मोठ्या माशाला औषध कोण पाजणार?

लोकलमध्ये रेंज गेली म्हणून ज्यांचा भाग अर्धवट ऐकायचा राहिला, आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायलाच आवडतं, त्यांच्यासाठी हे लेखी रूप. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'तर' थोडे कमी केलेत, बाकी गोष्ट तीच.

घरी ऑस्कर, कोई किंवा अरोवाना पाळणाऱ्या कुणालाही विचारा, त्याने एकदा तरी दुकानात जाऊन हा प्रश्न विचारलेला असतो: "मासा खात नाहीये, कुठलं औषध टाकू?" शब्द नीट ऐका. 'देऊ' नाही, 'टाकू'. कुत्र्याला गोळी देतात, गाईला इंजेक्शन देतात, माशाच्या बाबतीत मात्र औषध टाकतात. कशात? पाण्यात. ते पाणी म्हणजे माशाची हवा, त्याचं घर आणि त्याचं संडासही. आजची गोष्ट या 'टाकू'ची आहे. ती लंडनमध्ये दोन इवल्याशा गोल्डफिशपासून सुरू होते आणि अमेरिकेत अटलांटाला बावीस फुटी माशापर्यंत जाते.

साल १८५०. लंडनमधले रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचे रसायनतज्ज्ञ. त्यांनी बारा गॅलनच्या एका काचेच्या भांड्यात दोन छोटे गोल्डफिश सोडले आणि तळाशी वाळू-मातीत व्हॅलिसनेरिया नावाची पाणवनस्पती लावली. कल्पना साधी होती: मासा जो कार्बन डायऑक्साइड सोडतो तो झाड घेईल, झाड जो ऑक्सिजन सोडतं तो मासा घेईल, पाणी बदलायची गरज नाही. काही दिवस छान चाललं. मग झाडाची जुनी पानं कुजायला लागली, पाणी गढूळ झालं आणि सगळं हातचं जाणार असं दिसू लागलं. वॉरिंग्टननी काय टाकलं? औषध नाही. त्यांनी तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या. गोगलगायींनी कुजकी पानं खाल्ली, पाणी निवळलं, मासे जगले.

मला विचाराल तर मत्स्यालयातला पहिला यशस्वी उपचार हाच. रोग्याला हात न लावता केलेला!

पुढे १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी 'फिश हाऊस' उघडलं, १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांचं 'द अॅक्वेरियम' हे पुस्तक आलं आणि हा शब्द घरोघरी गेला. व्हिक्टोरियन बैठकीच्या खोल्यांमध्ये काचेच्या पेट्या आल्या आणि त्या पेट्यांत मासे धडाधड मरायलाही लागले. कारण वॉरिंग्टनच्या हिशेबात एक गोष्ट नव्हती. मासा कल्ल्यांतून नुसता कार्बन डायऑक्साइड सोडत नाही, अमोनियाही सोडतो. थोडा जरी साठला तरी अमोनिया माशाला विषच.

हे कोडं सुटायला जी माहिती लागली, तिच्यातला मोठा वाटा कुणी उचलला माहितीये? वॉरिंग्टन यांच्याच मुलाने. त्याचंही नाव रॉबर्ट वॉरिंग्टन. तो शेतीचा रसायनतज्ज्ञ झाला, इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या शेती प्रयोगशाळेत काम करत होता आणि त्याचा विषय होता मातीत अमोनियापासून नायट्रेट कसं तयार होतं. हे काम दोन टप्प्यांत होतं आणि जिवाणू ते करतात, हे त्याच्या प्रयोगांतून पुढे आलं. १८९० च्या आसपास विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने ते जिवाणू वेगळे करून दाखवले. आज तुमच्या फिल्टरमधल्या स्पंजवर जो बुळबुळीत थर असतो ना, तो याच कुळातल्या जिवाणूंचा. बापाने टँक बांधला आणि टँक जिवंत कशामुळे राहतो हे शोधायला मुलाने मदत केली, तीही शेतातल्या मातीकडे बघत. दोघांनी याबद्दल कधी जेवताना गप्पा मारल्या असतील का, असं उगाच वाटत राहतं.

हे मी एवढं का सांगतोय? कारण बाटलीतून जे पाण्यात जातं, ते आधी या जिवाणूंना भेटतं आणि मग माशाला. अँटिबायोटिक टाकलं, फिल्टरमधले जिवाणू मेले, अमोनिया वाढला, आणि आधी फक्त आजारी असलेला मासा आता गुदमरायला लागला. असं आजही घराघरांत होतं.

आता रोगांकडे येऊ. माशाच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके ज्यांनी पाहिलेत त्यांना 'इच' हा शब्द माहीत असतो. हा ज्याच्यामुळे होतो त्या एकपेशीय जीवाचं वर्णन १८७६ मध्ये फूके या फ्रेंच संशोधकाने केलं. नाव ठेवलं इक्थिओफ्थिरिअस मल्टिफिलिस. मल्टिफिलिस म्हणजे पुष्कळ पोरं असलेला, आणि नाव अगदी सार्थ आहे. हा जीव माशाच्या त्वचेखाली बसून खातो, तट्ट फुगतो, मग बाहेर पडून तळाशी चिकटतो, स्वतःभोवती कवच करतो आणि आत त्याचे शेकडो तुकडे होतात. ते तुकडे कवच फोडून पोहत नवा मासा शोधायला निघतात. दिवस-दोन दिवसांत सापडला नाही तर मरतात.

या एका जीवनचक्राने माशांच्या औषधांचा पुढचा सगळा इतिहास ठरवला. त्वचेखाली बसलेल्याला औषध लागत नाही, कवचातल्याला लागत नाही. मरतो फक्त तो मधला, पोहणारा. म्हणून एकदा औषध टाकून ठिपके गेले की 'बरा झाला' असं वाटतं आणि आठवड्याने दुप्पट ठिपके येतात. औषध परत परत का टाकायचं आणि पाणी थोडं गरम का ठेवायचं याचं उत्तर इथं आहे. गरम पाण्यात चक्र भरभर फिरतं आणि पोहणारे लवकर तावडीत येतात.

१९०४ मध्ये म्युनिकच्या ब्रूनो होफर यांनी माशांच्या रोगांवर जाडजूड ग्रंथ लिहिला आणि हा विषय खऱ्या अर्थाने शास्त्र झाला. तोवर आणि त्यानंतरही बरीच वर्षं उपाय मात्र रंगाऱ्याच्या आणि शेतकऱ्याच्या फडताळातूनच येत होते: मीठ, मोरचूद, फॉर्मलिन आणि कापडाचे रंग. त्यातला मॅलाकाइट ग्रीन १९३० च्या दशकात माशांच्या बुरशीवर वापरात आला आणि इतका चालला की अजूनही दुकानातल्या हिरव्या-निळ्या बाटल्यांत कुठे ना कुठे असतो. भेंडी हिरवीगार दिसावी म्हणून काही विक्रेते चोरून लावतात आणि ओल्या कापसाने पुसून बघा असं सरकारी खात्याला सांगावं लागतं, तो रंगही हाच. खायच्या माशांवर तो वापरायला अनेक देशांत बंदी आहे. शोभेच्या माशावर चालतो, कारण तो कुणी खाणार नसतं. माशाचं मत कुणी विचारलेलं नाही.

खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये इचसारखंच काम करणारा आणखी एक जीव आहे. कल्ल्यांवर बसतो, अंगावर मखमलीसारखी साय दिसते. त्याचं वर्णन १९३१ मध्ये ब्राउन यांनी केलं आणि तो सापडला होता लंडनच्या प्राणिसंग्रहालयाच्या मत्स्यालयात. विचार करा, रोग समुद्रातला, पण ओळख पटली ती टँकमध्ये, कारण टँकमध्येच तो असा बेफाम वाढतो. समुद्रात त्या पोहणाऱ्या पिल्लांना मासा सापडणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई. टँकमध्ये मासा चार इंचांवर असतो.

यावर तांबं चालतं, म्हणजे मोरचूद. पण तांब्याने खेकडे, कोळंबी, प्रवाळ मरतात. मुशी आणि पाकट यांच्यासाठीही ते फार धोक्याचं समजलं जातं. मोठ्या मत्स्यालयात लोक तिकीट काढून येतात ते तर मुशी आणि पाकट बघायलाच. मोठ्या माशाचा खरा प्रश्न इथून सुरू होतो. छोटा मासा जाळीने उचलून वेगळ्या बादलीत ठेवता येतो. दोन मीटरची मुशी उचलायची म्हणजे सहा पाणबुडे, एक झोळी आणि प्रत्येकाच्या मनात एकच विचार: सगळ्यांची बोटं शाबूत राहू देत. मग काय करायचं? औषध पाण्यातच टाकायचं, सगळ्यांसकट.

अटलांटाला जाण्याआधी एका वाटेने जाऊन येऊ, कारण ती वाट तुमच्या स्वयंपाकघरात येते.

१९१० च्या सुमारास अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात ट्राउट माशांच्या एका पैदास केंद्रात माशांच्या गळ्याखाली गाठी यायला लागल्या. काही शास्त्रज्ञ म्हणाले, कॅन्सर आहे. डेव्हिड मरीन नावाचा तरुण डॉक्टर म्हणाला, हा गलगंड आहे. माशांना एकाच कुंडात दाटीने ठेवलं होतं आणि खायला जनावरांचं काळीज वगैरे मिळत होतं. मरीन आणि त्याचा सहकारी लेनहार्ट यांनी पाण्यात अगदी थोडं आयोडीन घातलं, गाठी ओसरायला लागल्या. खाण्यात समुद्रातले मासे दिले तरी फरक पडला. मग मरीनच्या मनात आलं की माशांना जमतं तर माणसांना का नाही? १९१७ पासून त्याने ओहायोतल्या अॅक्रन शहरात शाळकरी मुलींना आयोडीन द्यायला सुरुवात केली. दोन हजारांहून जास्त मुलींनी ते घेतलं आणि त्यांच्यात नव्याने गलगंड झालेल्या मुली एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या निघाल्या. १९२४ मध्ये मिशिगनमध्ये आयोडीनयुक्त मीठ विकायला आलं. आपल्याकडे १९५६ पासून हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी मिठातून आयोडीन देऊन बघितलं आणि १९६२ मध्ये देशभरचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. डब्यावर 'आयोडीनयुक्त' लिहिलेलं असतं ना, त्याच्या मागच्या रांगेत कुठेतरी ते गळा सुजलेले ट्राउटही उभे आहेत.

आणि आता गंमत बघा. तोच गलगंड नंतर मोठ्या मत्स्यालयांतल्या मुशींना झाला, आणि तोही स्वच्छतेमुळे! पाणी काचेसारखं दिसावं म्हणून मत्स्यालयं त्यात ओझोन सोडतात. ओझोनमुळे पाण्यातल्या आयोडीनचं रूप बदलतं आणि ते माशाच्या ग्रंथीला सहज घेता येत नाही. वर नायट्रेट साठलेलं असतं, ते आयोडीनची वाट अडवतं. गळ्याखाली फुगा येतो. उपाय? पाण्यात काही टाकायचं नाही. खायला देतात त्या माशाच्या पोटात आयोडीनची गोळी लपवायची, जशी आपली आजी गुळात लपवायची. मोठ्या माशाच्या बाबतीत हा फायदा असतो की तो एकेकटा ओळखता येतो आणि हाताने भरवता येतो. अर्थात, तो खात असेल तोवरच.

आता अटलांटा.

२३ नोव्हेंबर २००५ रोजी तिथे जॉर्जिया अॅक्वेरियम उघडलं. होम डेपो या दुकानांच्या साखळीचे सहसंस्थापक बर्नी मार्कस यांनी त्यासाठी २५ कोटी डॉलर दिले होते. मुख्य टँकमध्ये सुमारे सव्वादोन कोटी लिटर पाणी आणि त्यात जगातला सगळ्यात मोठा मासा, व्हेल शार्क. तैवानमध्ये तेव्हा या माशाची ठरावीक संख्येने मासेमारी चालायची. त्या कोट्यातले दोन नर विकत घेऊन विमानाने आणले होते. जुन्या अमेरिकन टीव्ही मालिकेतल्या पात्रांवरून नावं ठेवली राल्फ आणि नॉर्टन. पुढच्या वर्षी अॅलिस आणि ट्रिक्सी या दोन माद्या आल्या. तैवानच्या बाजारात कापले गेले असते ते वाचले, हा मत्स्यालयाचा युक्तिवाद होता आणि तो पोकळ नव्हता. भारतात हा मासा २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीला. आपल्या कोकण किनाऱ्यावर तो जाळ्यात आला तर कोळी बांधव जाळं कापून सोडतात आणि त्या जाळ्याची भरपाई देण्याची योजना महाराष्ट्र सरकारने केलेली आहे.

एवढा प्रचंड मासा, पण खाणं प्लवंग आणि कोळंबीसारखे बारीक जीव. मत्स्यालयात कर्मचारी छोट्या होडीत बसून ओगराळ्याने त्याच्या तोंडात ओतायचे आणि मासा होडीमागून यायचा. लोक बघतच राहायचे.

त्या टँकमध्ये इतर हजारो मासे होते आणि त्यांच्यासोबत परजीवीही. २००६ मध्ये त्यांच्यावर उपाय म्हणून पाण्यात ट्रायक्लोरफॉन टाकलं गेलं. हे ऑर्गॅनोफॉस्फेट कुळातलं रसायन. मज्जातंतूंचा संदेश पोचला की तो बंद करणारं एक एन्झाइम असतं, हे कूळ त्या एन्झाइमलाच अडवतं, त्यामुळे कीटकाचे स्नायू भलतंच वागायला लागतात आणि तो मरतो. २०१७ मध्ये यवतमाळला कपाशीवर फवारणी करताना शेतकरी-शेतमजुरांना जी विषबाधा झाली, त्या बातम्यांत नावं आलेल्या कीटकनाशकांपैकी काही याच कुळातली होती. मत्स्यालयांसाठी ट्रायक्लोरफॉन मुळीच नवं नव्हतं. माशांच्या परजीवींवर ते अनेक वर्षं, अनेक ठिकाणी वापरात होतं. इथं कुणी बेफिकिरीने अघोरी काही केलं असं चित्र रंगवणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही. नेहमीचं औषध होतं ते. फक्त व्हेल शार्कला ते कसं लागतं, हे बघायला त्याआधी अमेरिकेतल्या मत्स्यालयांत व्हेल शार्क होते कुठे?

२००६ च्या शेवटी राल्फ आणि नॉर्टन यांची भूक गेली. होडी यायची, ओगराळं पुढे व्हायचं, मासा तोंड फिरवायचा. न खाणाऱ्या बावीस फुटी माशाचं काय करायचं? त्याला नळीने भरवायला लागले. ११ जानेवारी २००७ रोजी राल्फ पोहायचा थांबला आणि टँकच्या तळाशी गेला. त्याच दिवशी तो मेला. शवविच्छेदनात पेरिटोनायटिस निघाला, म्हणजे पोटाच्या आतल्या आवरणात पसरलेला संसर्ग. जठराला भोक पडलं होतं आणि ते भरवण्याच्या नळीमुळे पडलं असावं, असा निष्कर्ष निघाला. नॉर्टन आणखी पाच महिने राहिला. जूनमध्ये तोही खालावला आणि १३ जून २००७ च्या पहाटे त्याला दयामरण दिलं. औषधामुळे भूक गेली असावी, असं मत्स्यालयाने जाहीरपणे सांगितलं आणि ते रसायन त्या टँकसाठी बंद केलं.

ही साखळी बघा. परजीवी दुसऱ्याच माशांसाठी त्रासाचे. त्यांच्यावर औषध सगळ्या पाण्यात. औषधाने भूक गेली. भूक गेली म्हणून नळी. नळीने जखम. यातलं प्रत्येक पाऊल कुणीतरी मासा वाचवायलाच उचललं होतं. अॅलिस आणि ट्रिक्सी मात्र त्यातून वाचल्या. त्यांच्या वाट्याला ते औषध कमी वेळ आलं होतं, कारण त्या उशिरा आल्या.

नॉर्टन जाण्याच्या काही दिवस आधीच तैवानहून आणखी दोन व्हेल शार्क अटलांटात दाखल झाले होते. तेव्हा यावर बरीच टीका झाली, आणि मला वाटतं ती व्हायलाच हवी होती. कारण आधीच्या दोघांना काय झालं, याचं उत्तर टेबलावर पूर्ण मांडलेलं नसताना नवे मासे आणले गेले. २००८ पासून तैवानने व्हेल शार्क पकडायलाच बंदी घातली, त्यामुळे ती वाट आपोआप मिटली.

मग मोठ्या मत्स्यालयांनी काय बदललं? खरं सांगायचं तर नवं जादूचं औषध कुठलंच आलं नाही. जोर गेला तो दारावर. नवा मासा थेट मोठ्या टँकमध्ये जात नाही. तो मागच्या बाजूच्या वेगळ्या टँकमध्ये, लोकांच्या नजरेआड, साधारण महिनाभर राहतो. तिथं पाण्याचं आकारमान कमी, म्हणून औषध लागलंच तर मोजून देता येतं आणि त्याचा त्रास बाकी कुणाला नाही. खाऱ्या पाण्यातल्या माशाला काही मिनिटं गोड्या पाण्यात बुडवून काढतात. कातडीवरचे पुष्कळसे परजीवी तो बदल सोसत नाहीत आणि गळून पडतात, मासा सोसतो. मरीन ड्राइव्हचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसादांच्या हस्ते उघडलं, तिथं शाळेच्या सहलीत काचेला नाक लावून आपण सगळ्यांनी मासे पाहिलेत. पण कुठल्याही मत्स्यालयाचा दवाखाना असतो तो भिंतीच्या मागे, जिथं सहल जात नाही.

घरच्यांसाठी याचा अर्थ अगदी रोकडा आहे. क्रॉफर्ड मार्केटमधून ऑस्कर किंवा कोई आणला तर चार आठवडे दुसऱ्या साध्या टबात, एक स्पंज फिल्टर लावून ठेवायचा. त्या टबाची जाळी आणि बादली वेगळी. पिशवीतलं दुकानाचं पाणी टबातही ओतायचं नाही. आणि मासा खात नसेल तर बाटली उघडण्याआधी अमोनिया आणि नायट्राइट मोजायचं किट उघडायचं. किटमध्ये काही दिसलं तर थोडंथोडं पाणी बदलायचं, खाणं थांबवायचं. काही दिसलं नाही, मग माशाच्या अंगाकडे, कल्ल्यांकडे, विष्ठेकडे बघायचं आणि शक्य असेल तर माशांचं काम करणाऱ्या पशुवैद्याला दाखवायचं. असे डॉक्टर कमी आहेत, हे खरंय.

जपानमध्ये ओकिनावाच्या चुराउमी मत्स्यालयाकडे जिंता नावाचा नर व्हेल शार्क १९९५ मध्ये आला आणि पंचवीस वर्षांहून जास्त काळ तिथे पोहत राहिला. तिथले डॉक्टर त्याच्या जातीच्या माशांना पाण्याबाहेर काढत नाहीत. पाणबुडे शेजारून पोहत जातात, परातून रक्ताचा नमुना घेतात. मोठ्या माशांची सोनोग्राफीही तिथे पाण्याखालीच होते, मशीन पाणी न शिरणाऱ्या खोक्यात घालून. मासा पुढे जात राहतो, डॉक्टर त्याच्याबरोबर जात राहतात, आणि पाण्यात काहीच टाकलेलं नसतं.

तुमच्याकडे कुठला मोठा मासा आहे आणि किती वर्षांचा आहे, ते खाली लिहा. दहा वर्षांच्या वरचे ऑस्करवाले असतील तर त्यांच्याशी मला पुढच्या भागात बोलायचंय.